एकपाठी हिराइसा : स्मरणाचे सामर्थ्य

धर्मग्रंथ निर्माण करणारा श्रेष्ठ, की त्याचा शब्द जसाच्या तसा राखणारा श्रेष्ठ? आचारधर्माच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ वादाचा नव्हे. ग्रंथकर्तृत्व विरळ्यास लाभते. राखण्याचे काम मात्र प्रत्येक साधकाच्या वाट्यास येते.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर, 13व्या शतकाच्या शेवटच्या चरणात, पंडित म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकिल्या त्यांना विचारून त्या संकलित केल्या. आचार्य श्रीनागदेवांचे मार्गदर्शन त्यास होते. पुढे खालशाच्या धाडीत मूळ पोथी नाहीशी झाली. त्या संकटकाळी ज्यांच्या स्मरणाचा आधार पंथास लाभला, त्यांत आचार्यांच्या शिष्या हिराइसा अग्रगण्य होत. परंपरा त्यांना एकपाठी म्हणून गौरविते. महदंबेचे नाव धवळ्यांमुळे सर्वत्र झाले. हिराइसांची ओळख मात्र स्वतःच्या रचनेने नव्हे, राखलेल्या शब्दाने आहे.

येथे कोणी म्हणेल की, पाठांतर हे केवळ बुद्धीचे कौशल्य. त्यात धर्म तो कोणता? याचे उत्तर असे की, ऐकिलेले सांगताना आपला एखादा शब्द मिसळावा, प्रसंग थोडा रंगवावा, हा मोह जीवास स्वाभाविक आहे. तो आवरणे हा अहंतेचा त्याग होय. ज्याच्या स्मरणात स्वतःस स्थान उरत नाही, त्याच्याच मुखी परमेश्वराची लीळा निर्मळ राहते. असे स्मरण ही साधनाच आहे.

केशवराज सूरींनी संस्कृतात ग्रंथरचना करू पाहिली, तेव्हा तीमुळे वृद्ध स्त्रिया ज्ञानास अंतरतील, म्हणून आचार्यांनी त्यांस निवारिले, हे सर्वश्रुत आहे. ज्या स्त्रियांसाठी शास्त्राची भाषा मराठी राखिली, त्यांच्यातीलच एकीने पुढे तो मराठी शब्द पंथासाठी राखिला. आचार्यांच्या करुणेचे असे फळ आले. तेव्हा जिला केवळ ग्रहण करणारी मानावे, तीच धारण करणारी ठरते, हे ध्यानी घेतले पाहिजे.

आज छापील ग्रंथ घरोघरी आहेत. म्हणून स्मरणाची आवश्यकता सरली असे वासनिकांनी वा साधनवंतांनी मानू नये. कपाटातील पोथी धाडीत जाऊ शकते. आचरणात उतरलेले वचन कोणी हिरावून नेत नाही. नित्य एक लीळा जरी यथातथ्य चित्ती धरिली, तरी हिराइसांचे ऋण काही अंशी फिटेल.