बीजदोष आणि प्रारब्ध

धरमतरच्या खाडीपासून आत शिरलं की पेण, आणखी दक्षिणेला रोहा. पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली विनोबा जन्मले, रोह्यात १९२० साली पांडुरंगशास्त्री आठवले. एकाने १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, दुसऱ्याने स्वाध्यायाच्या वाटेने गीता कोळीवाड्यांपर्यंत नेली. या मुलखात कर्म आणि प्रारब्ध हे शब्द पोथीत बांधून ठेवलेले नाहीत. ते ओटीवर आणि दवाखान्याच्या बाकावर रोज बोलले जातात. मधुमेहाबद्दल तर दोन निवाडे तयारच असतात. मोठ्या माणसाला साखर निघाली की जिभेवर ताबा नव्हता, आणि तान्ह्या बाळाला निघाली की मागच्या जन्मीचं काहीतरी. एक निवाडा या जन्मीच्या कर्माचा, दुसरा आधीच्या. एकाच जनुकातल्या बिघाडाने होणारा मधुमेह नीट पाहिला तर हे दोन्ही निवाडे टिकत नाहीत. कर्मसिद्धान्त त्याने खोटा ठरतो असं मी म्हणत नाही. दुसऱ्याच्या दुखण्यावर तो चालवायचा अधिकार कुणालाच नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

स्वादुपिंडातल्या बीटा पेशींच्या आवरणात पोटॅशियमच्या सूक्ष्म वाहिन्या असतात. रक्तातली साखर वाढली की त्या मिटतात आणि पेशी इन्सुलिन सोडते. केसीएनजे११ या जनुकातल्या काही बदलांमुळे वाहिनी मिटतच नाही; पेशीत इन्सुलिन असूनही ते बाहेर पडत नाही. अशा बाळाला बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह होतो. इंग्लंडमधल्या एक्सिटर इथल्या अँड्र्यू हॅटर्सली आणि ॲना ग्लॉइन यांच्या गटाने २००४ साली हे दाखवलं. त्यांनी तपासलेल्या २९ जणांपैकी १० जणांत असा बदल सापडला, आणि त्या दहांतल्या आठांत तो नव्यानेच घडला होता. म्हणजे ज्या आईला 'तुझ्याकडूनच आलं' असं ऐकवलं जातं, तिच्या बाबतीत बऱ्याचदा तेही खरं नसतं. तारुण्यात उघड होणारे दुसरे प्रकार मात्र पिढ्यानपिढ्या उतरतात. आईला किंवा बापाला बदल असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. एकाच घरात, एकाच पंगतीला वाढलेल्या दोन भावांपैकी एकाला विशीत साखर होते, दुसऱ्याला होत नाही. इथे जिभेचा दोष शोधणं अन्यायाचं आहे.

हे सगळं परदेशी विज्ञान आहे, आपल्या शास्त्रांचा विचार वेगळा, असं कुणी म्हणेल. पण मधुमेह ज्यात मोडतो त्या प्रमेहाचे सुश्रुताने सरळ दोन प्रकार केले आहेत: एक सहज, म्हणजे आईबापांच्या बीजातल्या दोषाने आलेला, आणि दुसरा अपथ्याने ओढवलेला. चरकही मधुमेही आईबापांच्या पोटी प्रमेह घेऊन जन्मलेल्याचं कारण बीजदोषातच पाहतो. खादाडपणाचा ठपका सर्वांवर सारखा ठेवू नये, हे आपल्याच वैद्यांनी फार पूर्वी ओळखलं होतं. चरकाने हा रोग असाध्य म्हटला, तिथे मात्र त्याच्याही पुढे जावं लागतं. सल्फोनिलयुरिया गटातली जुनी, स्वस्त गोळी तीच न मिटणारी वाहिनी वेगळ्या रीतीने मिटवते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४९ जणांना गोळी दिली गेली आणि ४४ जणांची इन्सुलिनची सुई सुटली. विमानस्थानात चरकानेच मांडलं आहे की दैव दुबळं असेल तर प्रबळ पुरुषकार त्याला हटवतो, आणि सारंच ठरलेलं असतं तर औषधाला काही अर्थच उरला नसता. त्याच्या 'असाध्य'पेक्षा त्याचं हे म्हणणं मला अधिक मोलाचं वाटतं.

खरा आक्षेप याहून खोल आहे. जनुक हे फक्त साधन; नेमका हा जीव नेमक्या त्याच बीजात का आला, याचं उत्तर विज्ञान देत नाही, ते पूर्वकर्मच देतं, आणि योगभ्रष्ट कोणत्या घरी जन्मतो हे गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितलेलंच आहे. या आक्षेपाला प्रयोगशाळेतून उत्तर नाही, हे मान्य. पण तो प्रसंग पाहावा. प्रयत्न अर्धवट राहिला तर सगळं वाया गेलं का, या अर्जुनाच्या धास्तीला ते उत्तर आहे. घाबरलेल्याला धीर देण्यासाठी जे बोललं गेलं, ते पाळण्यातल्या लेकराचा गुन्हा ठरवायला वापरणं म्हणजे त्या वचनाचा उलटा उपयोग. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं मोजली आहेत आणि दैव त्यांत पाचवं येतं. आधीच्या चारांकडे, त्यांतल्या देहाकडे आणि प्रयत्नाकडे, न पाहता थेट पाचव्यावर उडी मारायला गीता सांगत नाही. उधाणात खारबंदिस्तीला, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाला, खांड गेली तर गाव खेकड्यांनी पोखरलेली जागा शोधतं आणि चिखल घालतं; मागच्या जन्माची चौकशी त्या वेळी कुणी करत नाही. मग कर्म नाकारलं तर दुःख निरर्थक ठरेल, या भीतीचं काय? ज्याचं दुखणं त्याने स्वतःपुरतं त्याला प्रारब्ध म्हणावं, त्यातून बळ घ्यावं. तो त्याचा हक्क आहे. शेजाऱ्याने तेच म्हटलं की ते आरोपपत्र होतं.

असे रुग्ण थोडे असतात, त्यांच्यावरून एवढा विचार कशाला, असंही विचारता येईल. थोडे असले तरी इथे कारण एकच आणि स्पष्ट असल्यामुळे आपल्या निवाड्यांची परीक्षा इथेच चोख होते. शिवाय जनुकांच्या तपासण्या आता दूरच्या राहिलेल्या नाहीत. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने हे काम आपल्या देशात उभं केलं आहे. अडचण येते ती सोयरिकीच्या बोलण्यात. घराण्यात आहे असं कळलं तर मुलीला स्थळं येणार नाहीत, म्हणून घरचे गप्प बसतात. ही भीती खोटी नाही, आणि तिला जन्म मागच्या जन्माच्या त्या दुसऱ्या निवाड्यानेच दिला आहे. पण गप्प बसण्याची किंमत कुणाला पडते ते ग्लुकोकायनेजच्या जनुकातल्या बदलाने होणाऱ्या प्रकारात दिसतं. त्यात साखर जन्मापासून किंचित चढलेली असते आणि एरवी सहसा औषधही लागत नाही. गरोदरपणात मात्र बाळालाही तो बदल मिळाला असेल तर आईची तेवढी साखर त्याला मानवते, ती जोराने उतरवली तर त्याची वाढ खुंटू शकते; मिळाला नसेल तर तीच साखर त्याचं वजन अवाजवी वाढवते. हे ठाऊक नसलेला डॉक्टर दोन्ही आयांना एकच उपचार देईल. म्हणून हे त्या मुलीला दिवस राहण्याआधी कळायला हवं, सासरीही कळायला हवं, आणि सांगण्याची जबाबदारी तिच्यावर ढकलता येणार नाही; ती, आधी ज्यांना कळलं, त्या आईवडिलांची आहे.