पासंग

मुलाने स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूचे यश कोणाचे मानावयाचे? प्रश्न वरवर सोपा आहे. ज्याने केली त्याचे, असे कोणीही म्हणेल. पण आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या प्राथमिक शाळांतून थोडे हिंडल्यावर मला या उत्तराविषयी शंका वाटू लागली आहे.

यावल तालुक्यातल्या एका शाळेत मी दोन दिवस बसलो होतो. चौथीच्या वर्गाने वजनाचा पाठ तराजू करून शिकावयाचे ठरविले होते. साहित्य गावचेच. एक काठी, डब्यांची दोन झाकणे आणि केळीच्या सोपटाची दोरी. (ज्या मुलखाच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेथे सोपटाला तोटा कसला!) एका मुलाचा तराजू रिकामा असतानाच एका अंगाला कलत असे. बाईंनी तो सरळ करून दिला नाही, आणि कसा सरळ करावा हेही सांगितले नाही. पुष्कळ खटपटीनंतर मुलाने वर गेलेल्या पारड्याला ओल्या मातीचा गोळा चिकटविला, आणि काठी समतल झाली. दुकानदार ज्याला पासंग म्हणतो तो त्याला आपला आपण सापडला. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो, तो तराजू पुन्हा कललेला! मुलगा बराच वेळ त्या वाळलेल्या गोळ्याकडे पाहत राहिला. मग एकदम म्हणाला, "बाई, पान्यालेबी वजन राहते!" आणि मातीच्या जागी बांधावयाला खडा शोधण्यासाठी तो अंगणात पळाला.

याच्या उलट अनुभव पुढे एका शालेय प्रदर्शनात आला. ते गाव निराळे, आणि त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. थर्माकोलच्या पवनचक्क्या, रंगविलेली धरणे, पेटणारे दिवे अशी आरास मांडली होती. प्रत्येक वस्तूमागे एक मूल उभे होते आणि पाठ केलेली माहिती न अडखळता सांगत होते. एका पवनचक्कीवाल्याला मी विचारले, "पाती उलट बसवली तर काय होईल रे?" त्याने गोंधळून मागे उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिले. वडीलच उत्तर देऊ लागले. खरे म्हणजे ती पवनचक्की त्यांचीच होती. ती बिघडली असती तर ते बिघडणेही त्यांचेच ठरले असते. ज्या कामात मुलाची चूक होण्याची सोयच ठेविलेली नाही, त्या कामाचे यश त्याच्या पदरात घालणे ही मला एक सभ्य फसवणूक वाटते. त्यात दुःखाची गोष्ट अशी की, हे मुलाला ठाऊक असते.

हा घोटाळा आजचा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि सात वर्षांचे शिक्षण मातृभाषेतून व एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाच्या आधाराने द्यावे असे ठरले. झाकिर हुसेन समितीने आखलेल्या साडेपाच तासांच्या दिवसात हस्तोद्योगाला ३ तास २० मिनिटे मिळाली. विचार थोरच होता. हाताला बुद्धीच्या पंक्तीला बसविणारा असा विचार आपल्या समाजात फार दिवसांनी कोणी मांडला होता. पण त्याच्या पोटी एक आशा होती. मुलांच्या श्रमातून शिक्षकाचा पगार हळूहळू निघावा, ही ती आशा. सूत विकावयाचे म्हटले की ते चांगले निघाले पाहिजे, आणि चांगले निघाले पाहिजे म्हटले की तुटलेला धागा हा धडा न राहता नुकसान होतो. अर्थकारणाच्या भरात शिक्षणाचा हेतू मागे पडण्याचा धोका आहे, हे समितीने स्वतःच आपल्या अहवालात बजाविले होते. अहवालातले इशारे कोण वाचतो? टकळ्या आल्या, आणि बहुतेक ठिकाणी काही वर्षांनी माळ्यावर गेल्या.

सूत विकण्याची गरज आज उरलेली नाही. विकावयाचे आहे ते यश. २०१० साली आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प यांना गुणपत्रकात जागा मिळाली. मला ती योजना चांगलीच वाटली. पण रकाना आला की तो भरावा लागतो, आणि भरावयाचा तर सुबक वस्तूने भरणे सर्वांनाच सोयीचे पडते.

कोणी म्हणेल, फळाकडे पाहूच नये. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. अंमळनेरला सहा वर्षे मुलांत रमलेला तो शिक्षक फलत्यागाचा विचार टिपून घेत होता. प्रौढांना तो विचार मानवेल. परंतु नऊ वर्षांच्या पोराला फळ दिसलेच पाहिजे, असे माझे मत आहे. तराजू समतल झाला की नाही, हे त्याला त्याच्या डोळ्यांनी कळले पाहिजे. ते फळ सोडावयाचे असेल तर ते त्याने सोडण्याऐवजी भोवतालच्या मोठ्यांनी सोडावे. शिक्षकाने, आईबापांनी, तपासणीला येणाऱ्या साहेबांनी.

आणि मला सर्वांत अवघड वाटते ती गोष्ट शाळेच्या भिंतीबाहेरची आहे. दिवाळीच्या सुमारास खानदेशात कापसाची वेचणी भरात येते आणि खेड्यापाड्यांतल्या काही वर्गांत पटावरची मुले दिसेनाशी होतात. आईबरोबर शेतात गेलेली नऊ-दहा वर्षांची पोर भराभर बोंडे मोकळी करीत असते. हाताने करणे म्हणावे तर याहून जास्त काय असते? पण वेचणीची मजुरी किलोवर असते. तेथेही शेवटी काटाच असतो आणि त्याच्यापुढे तिच्या चुकीला जागा नाही. कवडी आली की बोलणी, काडीकचरा आला की बोलणी. का, हे विचारावयाला वेळ कोणाला आहे?

आणि तरीही तिला एक गोष्ट पक्की माहीत आहे. सकाळच्या दवात वेचलेला कापूस काट्यावर जास्त भरतो आणि उन्हात पडून राहिला की हलका होतो. यावलच्या त्या मुलाला दोन दिवसांनी जे सापडले, ते तिच्या हाताला केव्हाच ठाऊक आहे. फक्त ते तिला अजून कोणी विचारलेले नाही.