दैव पाचवे

नाशिकच्या रामकुंडावर मी अस्थिविसर्जनाचे विधी करतो. अपघातात गेलेल्यांचे नातलग हमखास विचारतात, ‘गुरुजी, त्याची वेळच भरली होती का?’ हो म्हटले की त्यांना धीर येतो, हे मी जाणतो. तरीही मी हो म्हणत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना क्रिया आणि पाचवे दैव. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस नाशिकला औरंगाबाद रस्त्यावर ट्रकशी धडकून पेटली. १२ जण गेले. अशा वेळी रस्ता, चालक, वाहन, वेग हे तपासण्याआधीच आपण पाचव्याकडे बोट दाखवतो.

परक्या माणसाला तर पहिली चार दिसतही नाहीत. कुठले वळण फसवे, ते इथल्या रिक्षावाल्याला ठाऊक; यात्रेकरूला नाही. दुबईत नोकरीला गेलेला आपला मुलगा रस्ता ओलांडताना सवयीने आधी उजवीकडे बघतो, आणि गाडी डावीकडून येते. अशा वेळी जाणत्याने गप्प राहणे हे मी पाप मानतो.

म्हणून बाहेरगावच्या यजमानांना मी संकल्पाआधीच सांगतो : रात्री निघू नका, चालकाला झोपू द्या. जखमी दिसला तर उचला. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते. अतिथीला देव मानणाऱ्या गावाने त्याला सुखरूप घरी पोचवावे, हीच त्याची पूजा.