पाहण्यातली हिंसा

जयपूरच्या झोटवाडा भागातून निघून शहर ओलांडलं, की झालानाचं बिबट्यांचं जंगल लागतं. तिथे सगळ्यात मोलाचा फोटो पिल्लांसह मादीचा. पण नुसतं पाहण्यात हिंसा असते का? ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचं विवेचन पावलांवर आणि वाणीवर थांबत नाही, नजरेपर्यंत जातं. भूतमात्रात जे वसतं त्याला आपली दृष्टी रुतेल, म्हणून अहिंसक माणूस बहुधा पाहतच नाही. हे अतिरेकी वाटतं खरं. पण बिबट्याची मादी हेच जाणते. लहान पिल्लं लपवून ती शिकारीला जाते, धोका वाटला तर एकेक उचलून जागा बदलते. न दिसणं हेच त्यांचं संरक्षण, आणि सफारीच्या दहा जिपांची रांग नेमकं तेच मोडते.

यावर आक्षेप असा, की फोटोमुळेच माणसाला जंगलाची माया लागते, तिकिटांच्या पैशावर गाईड-चालकांची घरं चालतात. दोन्ही खरं. पण माया लागायला गुहेचं तोंडच कशाला हवं? जुन्नरच्या उसात तोडणीवेळी सापडलेली पिल्लं वनखातं त्याच जागी ठेवतं, माणसं मागे सरतात, आणि रात्री आई पिल्लू उचलून नेते. कधी स्वयंचलित कॅमेरा तो क्षण टिपतोही. फोटो तिथेही निघतो, फक्त त्यामागे डोळा लावून कुणी बसलेलं नसतं. ज्ञानेश्वरांनी पाहणं सर्वस्वी निषिद्ध ठरवलेलं नाही. अहिंसकाने क्वचित पाहिलंच, तर त्या नजरेची सर कासवीच्या नजरेलाही नाही, असं ते म्हणतात. आणि कासवी पिल्लांना लांबूनच, नुसत्या दृष्टीने पोसते अशी आपल्याकडची समजूत आहे.