दुपारचं वाक्य, संध्याकाळचं वाक्य

कांद्याचे लिलाव बंद पडले होते. एका तरुण कार्यकर्त्याने बाजार समितीत पत्रक वाटलं: 'आडते शेतकऱ्याच्या ताटातली भाकरी पळवतात. यांना गावात थारा नको.' फौजदारांनी पत्रकं जप्त केली आणि पोराला ठाण्यात बसवून ठेवलं.

त्याचे काका वकील. ते ठाण्यात गेले आणि फौजदारांना चंदीगडचा खटला ऐकवला. ३१ ऑक्टोबर १९८४, इंदिरा गांधींची हत्या झाली तोच दिवस. नीलम सिनेमासमोर दोघा सरकारी नोकरांनी खलिस्तानच्या घोषणा दिल्या. त्यांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली. पण १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही सोडलं. घोषणा एक-दोनदाच झाल्या, गर्दीतून कुणी साद दिली नाही. पोलिसांनी परिस्थिती न ओळखता धरपकड केली, त्यानेच गडबड उडाली असती, असंही न्यायालयाने सुनावलं.

"साहेब, त्या दिवशीचं वातावरण आठवा. आणि इथे पत्रक वाचून कुणी दगड तरी उचलला का?"

काकांनी त्याआधीचा इतिहासही सांगितला: १८९७ साली टिळकांच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला बजावलं होतं की राजद्रोहासाठी दंगा किंवा दंग्याची चिथावणी यांची गरजच नाही. केदारनाथ सिंह खटल्यात, १९६२ साली, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती वाट सोडली. फौजदारांनी पोराला सोडलं.

संध्याकाळी जमाव एका आडत्याच्या घरावर गेला. ठाण्यातली माणसं पत्रकांचा पंचनामा करण्यात गुंतलेली, त्यामुळे तिथे एकही पोलीस नव्हता. लोकांनी पोराला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवलं. तो पत्रकातलंच बोलला, एक शब्द वाढवला नाही. घरामागची कांदाचाळ पेटली.

रात्री तो काकांकडे आला. "दुपारी तुम्हीच म्हणालात ना, यात गुन्हा नाही म्हणून?"

"समोरच्यांच्या हातात काय होतं?"

"काठ्या. एकाकडे डिझेलचा कॅन."

"तो कधी दिसला तुला? बोलायच्या आधी, की नंतर?"

पोरगा बराच वेळ गप्प राहिला. "आधी."

"भारतीय न्याय संहिता, कलम १९२. चिथावणीने दंगल होण्याची शक्यता ठाऊक असली तरी पुरतं, तसा हेतूच असावा लागतो असं नाही. दंगल झाली तर एक वर्षापर्यंत, नाही झाली तरी सहा महिन्यांपर्यंत कैद. आगीचं कलम वेगळं लागेल."

"पण आडते लुटतात हे खोटं आहे का?"

"नाही. ते लिलावाच्या ओट्यावर बोल, तहसीलदारांसमोर बोल, प्रचारसभेत याहून कडक बोल. त्यासाठी मी हायकोर्टापर्यंत जाईन. आजही तुझं वकीलपत्र घेतो. पण कॅन तुला दिसलाच नव्हता, असं माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस."

"मग माझा बचाव काय उरला?"

"दुपारी होता की."