मिलीला इंजेक्शन पुरलं असतं

हृषीकेश मुखर्जींचा 'मिली' १९७५ साली आला. हसरी, पोरासोरांत रमणारी मिली (जया भादुरी) आणि तिच्याच इमारतीत राहायला आलेला, दारूत बुडालेला शेखर (अमिताभ बच्चन). ती त्याला माणसांत आणते, आणि मग कळतं की तिला 'पर्निशस अ‍ॅनिमिया' आहे. शेवटी शेखर तिच्याशी लग्न करतो, उपचारांसाठी दोघं परदेशी निघतात, विमान उडतं. आपण डोळे पुसतो.

हा सिनेमा मला आवडतो. पण त्यातल्या आजाराबद्दल वाचलं तेव्हा मी चक्रावले. या अ‍ॅनिमियात शरीराला अन्नातलं ब-१२ जीवनसत्त्व शोषून घेता येत नाही. एके काळी तो जीवघेणाच होता. 'पर्निशस' म्हणजेच घातक. पण १९२६ मध्ये बॉस्टनच्या मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की रोज भरपूर लिव्हर खायला दिलं तर हे रुग्ण जगतात. त्यासाठी १९३४ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. १९४८ मध्ये तर शुद्ध ब-१२ हाती आलं. म्हणजे 'मिली' पडद्यावर येण्याच्या २७ वर्षं आधीच या आजाराचा प्रश्न एवढाच उरला होता : ठरावीक दिवसांनी एक इंजेक्शन, आयुष्यभर.

सिनेमानं हे का वगळलं? माझ्या मते, कारण इंजेक्शन घेऊन जगणाऱ्या मुलीवर कसं प्रेम करायचं, हे आपल्या प्रेमकथांना ठाऊक नाही. मरणाऱ्या मुलीवर कसं करायचं, हे मात्र पाठ आहे.

हे मला झोंबतं, कारण मी ते इंजेक्शन घेणारी मुलगी आहे. बाराव्या वर्षापासून मला टाइप १ मधुमेह आहे. माझं शरीर इन्सुलिन बनवत नाही, ते बाहेरून घ्यावं लागतं. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी या आजाराचा शेवट एकच होता. आता त्याला शेवटच नाही, फक्त रोजचा हिशोब आहे. मुलुंडहून लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रोनं अंधेरीचं ऑफिस, पर्समध्ये इन्सुलिनचं पेन, ग्लुकोजच्या गोळ्या, आणि लेडीज डब्यात कुणीतरी हमखास विचारणार, "एवढ्या लहान वयात शुगर? गोड फार खायचीस का गं?"

पडद्यावर मधुमेही नायिका क्वचितच दिसते, आणि दिसली की तिचं काय होतं ते ठरलेलं. हॉलिवूडच्या 'स्टील मॅग्नोलियाज'मधली (१९८९) शेल्बी लग्न करते, डॉक्टरांचा सल्ला डावलून आई होते, तिच्या किडन्या निकामी होतात आणि ती जाते. ती गोष्ट लेखकाच्या सख्ख्या बहिणीची होती, म्हणून मी तिला खोटं म्हणणार नाही. पण एवढी एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली गेली, तर ऐकणाऱ्याला तोच नियम वाटू लागतो.

हा नियम बोरिवलीच्या दिवाणखान्यात कांदेपोह्यांच्या बशीपाशी येऊन बसतो. आमच्या घरी गेली दोन वर्षं एकच वाद चालू आहे. आई म्हणते, "आधी पसंती होऊ दे, मग सांगू." मी म्हणते, आधीच सांगायचं. आई खोटारडी नाही. बायोडेटावर 'मधुमेह' हा शब्द दिसला की माणूस दिसेनासा होतो, हे तिनं पाहिलंय. तिचं म्हणणं, आधी त्यांना तू दिसू दे. यात तथ्य आहे. तरी मला पटत नाही. ज्याच्यासोबत घर करायचं त्याला न सांगता मिळवलेला होकार हा माझ्यासाठी होकारच नव्हे; तो दुसऱ्याच कुणा मुलीला दिलेला असतो.

मग ऐकून जो नकार देतो, तो वाईट माणूस का? सिनेमात तो खलनायक ठरतो. मला तसं वाटत नाही. प्रेम ही कुणाची थकबाकी नसते. भीती वाटली तर नाही म्हणण्याचा त्याला हक्क आहे. मला जास्त धास्ती वाटते ती दुसऱ्याची, जो डोळ्यांत पाणी आणून "तरीसुद्धा मी तुला स्वीकारतो" म्हणतो. त्या 'तरीसुद्धा'चे हप्ते मी किती वर्षं फेडायचे? त्यानं त्याग केला, म्हणजे मी कायमची देणेकरी. मग भाजीत मीठ जास्त झालं, तो उशिरा आला, त्यानं विचारल्याशिवाय पैसे खर्च केले, यावर मी आवाज कसा चढवू? देवाशी भांडता येत नाही. नवऱ्याशी भांडता आलं पाहिजे.

मराठीत एक सिनेमा या वाटेनं बराच पुढे गेलाय. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' (२००६). त्यातली नीरजा डोळ्यांची डॉक्टर आहे आणि तिच्या अंगावर कोड आहे. तिच्यावर प्रेम करणारा तरुण तिला आपल्या घरच्यांना भेटवतो, आणि परीक्षा सुरू होते ती त्या घराची. कोड संसर्गजन्य नाही, त्यानं जीव जात नाही. तरी शिकलेसवरलेले लोक अडखळतात. हा सिनेमा नायिकेला मारूनही सुटका करून घेत नाही आणि चमत्कारानं बरंही करत नाही. ती जशी आहे तशीच राहणार, बोला आता, असं तो विचारतो.

मला अजून एक सिनेमा पाहायचाय. घाटकोपर स्टेशनचा पूल, संध्याकाळचे सात, गर्दी. दोघं कडाक्याचं भांडताहेत, समजा, त्यानं तिला न विचारता घराचं टोकन दिलंय म्हणून. भांडताभांडता तिचे हात थरथरायला लागतात, घाम फुटतो. साखर ७० च्या खाली. साखर उतरली की चिडचिडही होते, त्यामुळे "हे तू बोलतेयस की तुझी शुगर?" हा डाव त्याला सहज टाकता येईल, आणि तिचा खरा राग कायमचा आजाराच्या खात्यावर जाईल. तो तसं करत नाही. पर्समधल्या गोळ्या काढून देतो, जिन्याच्या कडेला तिच्याजवळ उभा राहतो. नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा तपासायचं. दोन लोकल निघून जातात. आकडा वर येतो.

मग तो म्हणतो, "हं, टोकनचं काय म्हणत होतीस?"

आणि ती पुन्हा भांडायला लागते.