श्रेणीत न दिसणारं वाचन

दुसरीतल्या मुलाला वाचता येतं का, हा प्रश्न साधा आहे. त्याचं उत्तर कशात शोधायचं, हे मात्र गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पुन्हा पुन्हा बदललं.

आधी पास-नापास पुरेसं होतं. धडा तोंडपाठ असलेलं मूलही त्यात सहज सुटायचं. 1991 मध्ये दवे समितीने किमान अध्ययन पातळ्या मांडल्या आणि कोणत्या इयत्तेत नेमकं काय यायला हवं, याची यादी झाली. विचार मोलाचा होता, पण अपेक्षा इयत्तेलाच बांधलेली राहिली. चौथीत गेलेल्या मुलाला शब्दच वाचता येत नसेल, तर त्याच्यासाठी चौथीची यादी काय कामाची?

ही अडचण 'प्रथम' संस्थेच्या कामाने सोडवली. 2005 पासून 'प्रथम'च्या 'असर' पाहणीत कार्यकर्ते घरी जाऊन मुलाच्या हातात एक कागद देतात. त्यावर अक्षरं, शब्द, एक सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. सुरुवात परिच्छेदापासून. तो जमला तर गोष्ट, अडलं तर शब्द, तेही जमेनात तर अक्षरं. मूल कितवीत आहे याने कागद बदलत नाही. 2024 मध्ये देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतली 48.8 टक्के मुलं ती गोष्ट वाचू शकली. वर्तमानपत्रांत हा आकडा गाजतो. मला त्या कागदाची रचना त्याहून महत्त्वाची वाटते. मूल 'शब्द' पातळीवर आहे म्हटलं, की उद्या वर्गात त्याच्याकडून काय करून घ्यायचं ते बाईंना कळतं.

प्रगतिपुस्तकातली 'ब-2' ही श्रेणी पाहिल्यावर ते कळत नाही. शिक्षण हक्क कायदा आला, 2010 पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं आणि लहानग्यांच्या डोक्यावरची नापासाची टांगती तलवार गेली. हे फार चांगलं झालं. पहिली-दुसरीत 70 टक्के भार आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे तोंडी काम, उपक्रम, स्वाध्याय यांना मिळाला. पण सत्राअखेरीस त्या सगळ्याची बेरीज होऊन प्रगतिपुस्तकात एकच श्रेणी उतरते. वळणदार अक्षर, पूर्ण वह्या आणि पाठ कविता यांच्या आड न येणारं वाचन सहज लपतं.

केंद्राच्या 2021 च्या 'निपुण भारत' अभियानाने वाचनाला पुन्हा स्वतंत्र जागा दिली: दुसरीच्या अखेरीस मिनिटाला 45 ते 60 शब्द, तेही समजून. पण शब्द मोजायचे तरी कसे? हिंदीत 'घर के पास' हे तीन शब्द होतात, मराठीत 'घराजवळ' एकच. त्यात जोडाक्षरं आली की मूल आणखी थबकतं. 2022 मध्ये एनसीईआरटीच्या पायाभूत अध्ययन पाहणीत भाषेगणिक वेगळे निकष ठरवले गेले, ते योग्यच झालं. तरीही घड्याळ लावलं की वेग मोजला जातो आणि 'समजून' मागे पडतं, ही भीती राहतेच. थांबत, बोट ठेवत वाचणारं मूल गोष्टीतला कोल्हा का पळाला हे सांगत असेल, तर मी त्याला वाचणारं मूल म्हणेन.

पालकसभेला जाल तेव्हा श्रेणी बघून प्रगतिपुस्तक मिटू नका. माझं मूल न पाहिलेली गोष्ट वाचतं का, कुठे अडतं, आणि घरी आम्ही काय वाचून घेऊ, एवढं बाईंना जरूर विचारा.